कबीर खान, चॉकलेट आणि अकाउंट्सच्या मॅडम

खेळात आणि फिल्मी दुनियेत काहीच घडत नाही अशा आठवड्यात काय लिहायचं, हा आम्हा कॉलमवाल्यांचा सनातन प्रश्न आहे. माझ्याकडे त्यावर साधा उपाय आहे. घरात भाजी नसली की आई लोणच्याची बरणी काढते ना, तसा एखादा मुरलेला आठवडा काढायचा! तर मंडळी, आज बरणीतून निघालाय तो २४ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ हा आठवडा. हो हो, ते दहा दिवस होतात, मला मोजता येतं. पण मधले दोन वीकेण्ड वजा केले तर कामाचे दिवस सहाच. आणि वीकेण्ड वजा करायचे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शुक्रवार, २४ तारीख. भाऊबीज आदल्याच दिवशी झालेली. ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि पॅण्ट्रीत चकल्यांचे डबेच डबे. आदल्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आपल्या मुलींनी न्यूझीलंडला हरवून वर्ल्डकपची सेमीफायनल गाठली होती. पण पॅण्ट्रीत चर्चा वेगळीच. सकाळीच बातमी आली होती, पीयूष पांडे गेले. फेव्हिकॉलपासून कॅडबरीपर्यंत अर्ध्या भारताच्या तोंडी जाहिराती बसवणारा माणूस. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः राजस्थानकडून रणजी खेळलेला. त्यामुळे आम्ही सगळे मोबाइलवर त्यांची ती क्रिकेटची जाहिरात बघत बसलो. आठवते ना? तो नव्व्याण्णववर, प्रेक्षकांत बसलेली ती चॉकलेट खातेय आणि तिचा जीव टांगणीला. सिक्स जाते आणि ही पोरगी सिक्युरिटीवाल्याला चकवून नाचत नाचत थेट मैदानात! मग कुणीतरी तीच जाहिरात २०२१मध्ये उलटी करून काढली होती, तीही लावली. त्यात बॅट तिच्या हातात आणि वेडंवाकडं नाचत घुसणारा तो.

‘‘पहिलीत ती मॅच बघते, दुसरीत मॅच खेळते,’’ मागून आवाज आला. ‘‘मधे किती वर्षं गेली, मोजा जरा.’’

अकाउंट्सच्या मॅडम. टॅक्सीच्या बिलावर सही नाही म्हणून माझं क्लेम तीनदा परत पाठवणाऱ्या. त्या क्रिकेटबद्दल बोलतात हेच आम्हाला नवीन. चौकशी केली तर कळलं, मॅडम कॉलेजच्या टीमच्या ओपनर होत्या! मग नोकरी लागली, लग्न झालं, सकाळची कल्याण फास्ट सुरू झाली. किट माळ्यावर गेलं ते गेलंच. आम्ही काय बोलणार? ‘‘मॅडम, चकली घ्या,’’ म्हटलं.

सोमवारी मॅडम माझ्या डेस्कपाशी. ‘‘गुरुवारच्या सेमीची चार तिकिटं काढलीत. आमचे हे येत नाहीत. तू येतोस?’’

आता इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण या कॉलममध्ये आपलं सगळं उघड असतं. मी म्हणालो, ‘‘ऑस्ट्रेलियाशी आहे ना मॅडम? मग कशाला उगाच हार्बरचे धक्के खायचे!’’

माझ्या बाजूनं आकडेवारी होती, बॉस. ऑस्ट्रेलियाच्या मुली वर्ल्डकपमध्ये सलग पंधरा मॅच जिंकून आल्या होत्या. याच स्पर्धेत विशाखापट्टणमला आपण ३३० रन करूनही त्यांच्याकडून हरलो होतो, आणि त्यानंतर इंग्लंडकडूनही. वर आपली ओपनर प्रतीका रावल रविवारी पाय मुरगळून बाहेर गेली. तिच्या जागी बोलावलं शफाली वर्माला, जी मूळ टीममध्येच नव्हती. मला एक सांगा, या भांडवलावर तुम्ही नेरूळला गेला असता? (गेला असाल तर पुढचा परिच्छेद वगळा. तुम्ही मोठे आहात.)

गुरुवार, ३० ऑक्टोबर. ऑस्ट्रेलिया ३३८. मी मॅडमना मेसेज टाकला, ‘बॅड लक. लवकर निघा, गर्दी होईल.’ उत्तर म्हणून गालावर तिरंगा रंगवलेल्या त्यांच्या लेकीचा फोटो आला. बाकी एक शब्द नाही.

पुढचं तुम्हाला पाठ आहे, पण मला सांगू द्या. शफाली गेली, स्मृती मानधना गेली, २ बाद ५९. तिसऱ्या नंबरवर आलेली जेमिमा रॉड्रिग्ज. हिला दोनच आठवड्यांपूर्वी इंग्लंडविरुद्ध टीममधून बसवलं होतं. तिसऱ्या नंबरवर जायचंय हे तिला मैदानात उतरायच्या पाचेक मिनिटं आधी कळलं. तोवर ती अंघोळ करत होती! आपल्याला अंघोळीत क्लायंटचा फोन आला तरी दिवस खराब जातो. ही बाहेर आली आणि हरमनप्रीतबरोबर १६७ची पार्टनरशिप करून मोकळी. पन्नास झाले, बॅट वर नाही. शंभर झाले, बॅट वर नाही. तिला बहुधा तिकीट न घेणाऱ्यांचं तोंड बंद झाल्याशिवाय काही करायचंच नव्हतं.

मी तेव्हा लोकलमध्ये होतो. शेजारच्या काकांच्या मोबाइलवर आम्ही दहा-बारा डोकी. विक्रोळीला नेटवर्क गेलं आणि डब्यात जी शांतता पसरली ती मी ॲप्रेझलच्या मीटिंगमध्येही अनुभवलेली नाही. नेटवर्क आलं तेव्हा अमनजोतचा फोर गेलेला. नऊ बॉल राखून ३४१. बायकांच्या वन-डेतला सगळ्यात मोठा पाठलाग. जेमिमा नाबाद १२७ आणि ढसाढसा रडतेय. काकाही रडत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मला भांडुपला उतरायचं होतं. एवढंच कारण.

शुक्रवारी प्रत्येकाच्या ग्रुपवर एकच चेहरा. ‘चक दे! इंडिया’तला दाढीवाला शाहरुख, आणि शेजारी आपले कोच अमोल मुझुमदार. २००७चा तो सिनेमा. त्यातही मुली आधी ऑस्ट्रेलियाकडून सडकून मार खातात आणि शेवटी त्यांनाच हरवतात. सिनेमात हॉकी, इथे क्रिकेट, एवढाच काय तो फरक! (त्यात ‘तुझ्या खेळाला कोण विचारतं’ असं ऐकवणाऱ्या क्रिकेटरला नकार देणारी प्रीती आठवते? ती आपली कोल्हापूरची सागरिका घाटगे. स्वतः नॅशनल लेव्हलला हॉकी खेळलेली. पुढे तिनं लग्न केलं कुणाशी? झहीर खानशी. शेवटी क्रिकेटरच!)

पण मला ती तुलना जरा आळशी वाटली. कबीर खान भारताकडून खेळला होता, एक पेनल्टी हुकली आणि बदनाम झाला. अमोल मुझुमदारला हुकवायला काही मिळालंच नाही. १९८८ साली शाळेच्या मॅचमध्ये सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ची पार्टनरशिप केली, तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला पोरगा तो हाच. रणजीच्या पहिल्याच मॅचमध्ये २६०. फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांहून जास्त रन. आणि भारताची कॅप? नाही. एकदाही नाही. माणसानं कडवट व्हायला एवढं पुरतं. आपल्याकडे प्रमोशन एक वर्ष पुढे ढकललं तर लोक पॅण्ट्रीत दोन वर्षं बोलतात! हा माणूस २०२३मध्ये या टीमचा कोच झाला आणि सेमीच्या इनिंग ब्रेकमध्ये फळ्यावर काय लिहिलं, तर आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक रन जास्त हवाय. त्यांची बिलं मॅडम एका फटक्यात पास करतील.

रविवार, २ नोव्हेंबर. योगायोग बघा. पंढरपुरात कार्तिकी एकादशी आणि वांद्र्यात शाहरुखचा साठावा वाढदिवस. म्हणजे दोन्हीकडे वारी! मन्नतबाहेर जमलेल्यांना मात्र यंदा बाल्कनीतलं दर्शन मिळालं नाही. फायनल पावसामुळे दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाली. मूळ टीममध्ये नसलेल्या शफालीनं ८७ ठोकले आणि वर दोन विकेट काढल्या. दीप्ती शर्माची हाफ सेंच्युरी आणि पाच विकेट. दक्षिण आफ्रिका ५२ रननी मागे. मध्यरात्र उलटून गेल्यावर हरमनप्रीतनं मागे पळत जाऊन शेवटचा कॅच घेतला, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये दिवाळीतले उरलेले फटाके बाहेर आले.

पण मला आवडलं ते नंतरचं. या मुलींनी ट्रॉफी नेऊन मिताली राज आणि झुलन गोस्वामीच्या हातात दिली. त्या दोघी २०१७मध्ये लॉर्ड्सवर नऊ रननी हरलेल्या. प्रतीका व्हीलचेअरवर बसून मैदानात आली होती. मी मॅडमना फोन लावला. पलीकडे एवढा गोंगाट की काही ऐकू येईना. एवढंच कळलं, फायनललाही गेल्या होत्या आणि शेवटची लोकल कधीच गेली होती.

सोमवारी बोर्डानं ५१ कोटींचं बक्षीस जाहीर केलं आणि मॅडमना लेट मार्क लागला. आवाज पूर्ण बसलेला. त्यांच्या टेबलाभोवती ही गर्दी! ज्यांनी आठवडाभरापूर्वी स्मृती सोडून दुसरं नाव सांगितलं नसतं, ते क्रांती गौडच्या इनस्विंगवर बोलत होते. मीही होतो त्यात, कबूल.

डिसेंबरात आमच्या ऑफिसची टर्फ क्रिकेट स्पर्धा झाली. तुमच्याकडेही असेल. तुमच्याकडेही तो नियम असेल : प्रत्येक टीममध्ये एक मुलगी हवीच, आणि मुलीच्या रन डबल. आम्हाला आजवर तो नियम फार उदार वाटायचा. दर वर्षी ती ‘एक मुलगी’ एचआरमधून ओढून आणायची, शेवटी बॅटिंगला पाठवायची आणि टाळ्या वाजवायच्या. या वर्षी अकाउंट्सच्या टीमकडून मॅडम ओपनिंगला उतरल्या. माळ्यावरचे ग्लोव्हज, पायात लेकीचे शूज. पहिलाच बॉल कव्हरमधून जाळीवर. स्कोअर लिहिणाऱ्या ट्रेनीनं उत्साहात ओरडून आठ लिहिले.

मॅडम क्रीझ सोडून त्याच्याकडे चालत गेल्या. बिल परत करताना असतो ना, अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, ‘‘डबल नको. झाले तेवढेच लिही.’’

२३ झाले. माझे ४. डबल केले असते तरी ८.