आधी रोगाचे नाव, मग औषध



आपण सारे उसाचे शेतकरी. मग कारखान्याच्या अंकात गव्हाची चर्चा कशाला, असे कोणीही विचारील. उत्तर सोपे आहे. खोडवा मोडला की त्या रानात आपण गहू टाकतो. घरचे वर्षाचे दाणे त्यातून निघतात, चार पोती बाजारातही जातात. तोड लांबली की पेरणी डिसेंबरात जाते आणि दाणा भरायला येतो तो फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. नेमकी हीच ऊब खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याला, म्हणजे गेरव्याला, मानवते. तेव्हा गव्हाचे हे दुखणे आपल्या ऊसतोडीशीच बांधलेले आहे.

या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. खोडाला काय झाले हे ओळखल्याशिवाय एक रुपयाचेही औषध घेऊ नये. आज होते ते उलटे. चार ठोंब वाळले की "तांबेरा पडलाय" म्हणायचे, दुकान गाठायचे आणि मिळेल ती बाटली पंपात ओतायची. रोग हटला नाही की मग "औषधच बोगस निघालं" म्हणून गावभर बोलायचे. पुष्कळदा औषध बोगस नसते, निदान चुकलेले असते.

उसात आपण असे करत नाही. ऊस वाळू लागला की कांडी उभी चिरतो. आत लाल पट्ट्यात आडवे पांढरे डाग आणि आंबूस दारूसारखा वास आला की लाल कूज. शेंड्यातून काळा चाबूक निघाला की काणी. हे शाळकरी पोरही सांगेल. गव्हाची काडी बारीक, म्हणून ती कोणी हातात धरून पाहत नाही, एवढेच.

ती अशी पाहावी. खोडावर व पानाच्या देठाकडील आवरणावर विटकरी रंगाचे लांबट फोड, कडेने साल फाटून चिंध्या झालेली, बोट फिरवले की भुकटी लागते आणि पीक पिकत आले की फोड काळे पडतात : हा खोडावरचा काळा गेरवा. फोड लहान, गोल, नारिंगी आणि मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूला विखुरलेले, खोड बहुधा स्वच्छ : हा पानावरचा नारिंगी गेरवा. बोटाला भुकटी नाही, पण बुडखा कुजलेला, त्यावर पांढरे धागे आणि मोहरीएवढे तांबूस दाणे : ही जमिनीतली स्क्लेरोशियम बुरशी. ओंबी पांढरी, पोकळ, ओढताच सुटून हातात येते, काडीत भोक आणि अळीची घाण : ही बुरशीच नव्हे. हा खोडकिडा, आपल्या उसातल्या पोंगेमरीचाच प्रकार.

चारही ठिकाणी लांबून दिसते एकच, गहू वाळला. पण उपाय वेगळा. गेरवा सुरुवातीलाच दिसला तर प्रॉपिकोनॅझोल २५ टक्के प्रवाही, लिटरला १ मिली, या प्रमाणात फवारा उपयोगी पडतो. दाणा टणक झाल्यावर मारला तर पैसे मातीत. बुडख्याच्या कुजीला पानावरचा फवारा काय करणार? तिथे पुढच्या पेरणीला बीजप्रक्रिया, पाण्याचा निचरा आणि पिकाची फेरपालट हेच खरे. आणि किड्याला बुरशीचे औषध मारणे म्हणजे ताप आलेल्याच्या पायाला मलम लावणे.

आणखी एक गैरसमज. उसावर तांबेरा होता म्हणून गव्हावर आला, असे काही जण म्हणतात. तसे नाही. दोन्ही बुरशा एकाच कुळातल्या, पण उसाची वेगळी आणि गव्हाची वेगळी. उसावरची गव्हावर जात नाही. मग गव्हावर येते कुठून? आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी वर्षानुवर्षे खपून दाखवून दिले की मैदानी उन्हाळ्यात गेरवा जगत नाही. तो थंड डोंगरांत तग धरतो. काळ्या गेरव्याचे बीजाणू निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्यावर आपल्याकडे येतात. १९४६-४७ साली याच रोगाची साथ मध्य भारतात आणि आपल्या बाजूला पसरली, आणि अंदाजे २० लाख टन गहू गेला. वारा काही सात-बारा बघून येत नाही.

जिथे दुखणे तिथे संशोधन, ही आपल्याकडची चांगली रीत. खाडीच्या पाण्याने जमीन खारावते म्हणून पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र झाले आणि त्यातून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती आल्या. तसेच महाबळेश्वरच्या थंडीत गेरवा टिकतो, म्हणून तिथे राहुरी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. नव्या वाणांवर मुद्दाम गेरवा सोडून कोणता वाण टिकतो ते तिथे पाहतात. कारण काळा गेरवाही एकच नसतो, त्याच्या पोटजाती असतात. एका पोटजातीला दाद न देणारा गहू दुसरीपुढे आडवा होतो. १९९८ साली युगांडात अशीच एक नवी पोटजात सापडली आणि २००७ पर्यंत ती इराणात पोहोचल्याचे जाहीर झाले. म्हणून शेतातून आलेल्या प्रत्येक नमुन्याला मोल आहे.

बियाण्याचेही तेच. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ६४७८ हा गेरवा-प्रतिकारक वाण घेतला. लोकवन, एचडी २१८९ अशा जुन्या जातींपासून हेक्टरी २५ ते ३० क्विंटल मिळत होते, तिथे ४५ ते ६० क्विंटल मिळू लागले. घरचेच जुने बी वर्षानुवर्षे फिरवणाऱ्यांनी हे आकडे जरा मनात घोळवावेत.

कोणी म्हणेल, शेतकी खात्याने ऊस वाढवावा, गव्हाचे लोढणे गळ्यात कशाला? आम्हाला हे पटत नाही. गव्हात बुडालेला सभासद पुढच्या लागणीला खत कमी टाकतो, त्याचा फटका उसालाच बसतो. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. ज्यांना गहू करायचा आहे त्यांनी तशी नोंद गट ऑफिसात आधी द्यावी. तोडीचा कार्यक्रम आखताना त्याचा विचार व्हावा. उसाच्या बेण्याप्रमाणे प्रमाणित गहू बियाणेही कारखान्यामार्फत मिळावे, असे संचालक मंडळापुढे मांडावे. आणि रोग दिसला की लपवू नये. मुळासकट दोन-तीन ठोंब वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळावेत, प्लॅस्टिकमध्ये नको, घाम येऊन कुजतात. वर गाव, वाण आणि पेरणीची तारीख लिहून फिल्डमनकडे द्यावेत. तेथून ते कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवता येतील.

पाटाचे पाणी आपण पाळीने वाटून घेतो. रोगाची खबरही तशीच वाटून घेतली, तर शेजाऱ्याचा फवारा वेळेवर होईल आणि आपलाही.