वर्षाला एकच!

डिसेंबर संपत आला की ऑफिसात याद्या सुरू होतात. जिम लावणार, जर्मन शिकणार, गिटार, दहा गड, शिवाय रोज पहाटे पाचला उठणार... फेब्रुवारीपर्यंत यातलं काय उरतं ते सांगायला नको. लोक आळशी असतात म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. हिशोब चुकलेला असतो.

आपल्याकडच्या माणसाला हा हिशोब लोकलच्या भाषेत लगेच कळेल. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते. कोणी बोलावून देत नाही. "जरा सरका" म्हणावं लागतं आणि अर्धं अंग बाहेर ठेवून बसावं लागतं. पण मिळते. पाचवी मात्र नसते! नोकरी, प्रवास आणि घर हे तिघं आपल्या वर्षाच्या बाकावर आधीच बसलेत. म्हणून माझं मत असं, की आव्हान वर्षाला एकच घ्यावं, पण खरंच मोठं घ्यावं.

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचं बघा. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ ला एव्हरेस्ट, २०१३ ला ल्होत्से, २०१४ ला मकालू, २०१६ ला धौलागिरी आणि चो ओयू, २०१७ ला मनास्लू, २०१९ ला कांचनजुंगा, २०२१ ला अन्नपूर्णा. आठ हजार मीटरच्या वरची जगातली चौदा शिखरं, त्यातली आठ दहा वर्षांत. मध्ये २०१५ चा नेपाळचा भूकंप आला, २०२० चा कोरोना आला. पण दर वेळी समोर एक शिखर, फार तर दोन.

दुसरं उदाहरण आपल्याच धंद्यातलं. मार्क झुकरबर्ग २००९ पासून दर वर्षी एक आव्हान घ्यायचा. २००९ ला रोज टाय, २०१० ला चिनी भाषा, २०१५ ला दर दोन आठवड्यांना एक पुस्तक, २०१६ ला ३६५ मैल धावणं. २०१८ ला म्हणाला, फेसबुक दुरुस्त करतो. हे तर त्याचं रोजचंच काम! शिवाय ते एका वर्षात संपणार कसं? जानेवारी २०२० मध्ये त्याने ही प्रथाच सोडली आणि दहा वर्षांच्या गोष्टी बोलू लागला. मी यातून एवढंच घेतलं, की ज्याला शेवटी "झालं" किंवा "नाही झालं" असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, ते आव्हान नव्हे, तो ऑफिसातला रोडमॅप.

आता कोणी म्हणेल, डोंबिवलीहून रोज गाडीत शिरणं हेच आव्हान आहे, वर हे चोचले कशाला? मला हे अजिबात मान्य नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं खाली पडली आणि जिवानिशी गेली. ती कामावर निघाली होती, शिखर चढायला नाही. दारात लटकणं आपण निवडलेलं नाही, त्यामुळे त्याचं कौतुक नको, त्याबद्दल जाब विचारायला हवा. आणि वर्षातली इतकी ताकद न निवडलेल्या गोष्टींत जाते, म्हणूनच एक तरी गोष्ट आपण निवडलेली हवी. नाहीतर २०२३ आणि २०२४ मध्ये फरक काय, तर पास वेगळा!

आव्हान फार खर्चाचं असायला लागत नाही. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ३४ किलोमीटर. गेल्या थंडीत तेवढं अंतर मी एका दिवसात पायी गेलो. त्याआधी चार महिने दर रविवारी पहाटे डोंबिवली ते दुर्गाडी आणि परत. वाचनच करायचं तर कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून.

पण "जरा सरका" आपण म्हणतो कोणाला? घरच्यांना. माझे रविवार मोकळे झाले ते आईने आणि बायकोने बाजार, बिलं, पाहुणे सांभाळले म्हणून. गिर्यारोहकाचा फोटो येतो तेव्हा हे सरकलेले लोक त्यात नसतात. म्हणून एक नियम वाढवतो: चौथी सीट घराला एकच, आणि ती आळीपाळीने.

यंदा ती बायकोची आहे. तिने कथ्थकची परीक्षा ठरवली आहे, क्लास रविवारी सकाळी. त्या वेळची भाजी आणि आईचा दवाखाना माझ्याकडे. माझं पुढचं आव्हान पुढच्या वर्षी. तोवर मी सरकून बसतो.