चुकलेली तारीख

आमच्या मोहल्ल्यात एक खाला बिड्या वळतात. वय साठीच्या पुढे, दहा-बारा वर्षांपासून शुगर. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या बोटाला जखम झाली. गोंदिया शहरातल्या एका दवाखान्यात दाखवले. पट्टी झाली, गोळ्या मिळाल्या आणि पंधरा दिवसांनी परत या, म्हणून कागदावर तारीख लिहून दिली. खाला गेल्या दोन महिन्यांनी. तोवर बोट काळे पडले होते. ते कापावे लागले.

जो तो म्हणाला, "निष्काळजीपणा, दुसरे काय!" मीही तेच म्हणाले असते. पण खालांजवळ मोबाईल नाही, म्हणून नाव नोंदवताना नंबर माझा दिला होता. तारखेच्या आदल्या दिवशी दवाखान्याचा मेसेज आला तो माझ्या फोनवर, आणि तोही इंग्रजीत. रिचार्ज, कर्ज आणि बक्षिसांच्या मेसेजांखाली तो दबून राहिला. बोट गेल्यावर शोधला तेव्हा सापडला. आणि शाळेचे मेसेज पालक वाचत नाहीत म्हणून दर महिन्याला चिडणारी बाई मीच!

त्या दिवशी मी खालांजवळ बसून सगळे विचारले. कागदावरची तारीख इंग्रजीत होती, त्यांना फक्त उर्दू वाचता येते. पंधरा दिवस त्यांच्या लक्षात होते. पण नेमके तेव्हाच ठेकेदाराने पत्ता-तंबाखू दिला होता आणि माल वेळेत द्यायचा होता. बिडीची मजुरी हजारावर मिळते. एक दिवस दवाखान्यात गेला की तेवढी मजुरी बुडाली. मुलगा रायपूरला, सून बाळंतीण, मग सोबत कोण येणार? आणि शेवटी त्या म्हणाल्या, "दर्द ही नहीं था बेटा, मैं समझी ठीक हो गया."

हे शेवटचे वाक्य शुगरच्या प्रत्येक घरात कळायला हवे. जुन्या शुगरमध्ये पायाच्या नसा बधिर होतात. जखम आतून वाढते आणि दुखत मात्र नाही. म्हणून दुखत नसले तरी तारखेला जायचेच असते. हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. मीसुद्धा नाही.

मग मी या विषयावर वाचू लागले. तारीख चुकणे ही जगभरची अडचण आहे. विलायतेत, जिथे सरकारी उपचार मोफत आहेत, तिथेही लोक वेळ घेतात आणि येत नाहीत. मेसेज पाठवून किती फरक पडतो, यावरचे वेगवेगळे अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले. आठवण न देता शंभरातले साधारण ६८ लोक आले, मेसेज दिल्यावर ७९, आणि माणसाने फोन केला तर ८०. म्हणजे मेसेज कामाचा आहे, पण ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचला तर. मुंबईच्या 'अरमान' संस्थेने गरोदर बायांसाठी 'एममित्र' सुरू केले, तेव्हा लिहिलेल्या मेसेजऐवजी आवाजाचा फोन ठेवला. बाईच्या भाषेत आणि तिने सांगितलेल्या वेळेला. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा असा विचार झालेला पाहून बरे वाटले.

मला शिक्षिका म्हणून जास्त आवडला तो इंग्लंडमधल्या बेडफर्डचा प्रयोग, २०१२ मध्ये छापलेला. तिथे पुढची तारीख कार्डावर नर्सने न लिहिता पेशंटला स्वतःच्या हाताने लिहायला लावली. एवढ्यावर तारीख चुकवणारे १८ टक्क्यांनी कमी झाले. पाटीवरून उतरवणे आणि स्वतः लिहिणे यातला फरक आम्ही वर्गात रोज बघतो, पण दवाखान्यात हे कधी सुचले नव्हते.

मजुरी बुडण्याचे उत्तर मात्र कार्डात नाही. त्यासाठी राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात झालेला अभ्यास वाचावा. तो अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत केला होता. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसते.) नेहमीच्या व्यवस्थेत पूर्ण लस घेतलेली मुले ६ टक्के होती. गावातच ठरलेल्या दिवशी शिबिर भरवले तर १८ टक्के. आणि प्रत्येक लशीला एक किलो डाळ, सगळ्या लशी झाल्यावर ताटांचा संच दिला तर ३९ टक्के. एवढ्याशा डाळीने कोणी श्रीमंत होत नाही, पण आज जाऊ की उद्या, हा प्रश्न मिटतो.

आपल्याकडेही चांगल्या सोयी आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. ती तारीख ठरलेली असते, म्हणून लक्षात राहते. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे. सालेकसा किंवा देवरीहून गोंदियाला येणाऱ्या बाईला त्याचा आधार होतो. आणि आशाताई आहेत. दारात येऊन "उद्या जायचं हं" म्हणणाऱ्या माणसाची सर कोणत्याही मेसेजला येत नाही. त्यांच्यावर आधीच किती कामे लादली आहेत, तो वेगळा विषय.

आता माझ्या वर्गात एक काम वाढले आहे. महिन्याच्या पहिल्या दिवशी मुले घरातले दवाखान्याचे कागद बघतात आणि तारीख कॅलेंडरवर उर्दूत लिहितात. शेजारी दोन गोष्टी: सोबत कोण जाणार आणि कशाने जाणार. पहिल्या महिन्यात एका मुलीने "सोबत" समोर स्वतःचे नाव लिहिले होते. सहावीतली मुलगी. तिच्या घरी जाऊन बोलावे लागले.

रमजानच्या आसपासच्या तारखा तर हमखास चुकतात. तारीख मिळते त्याच वेळी "तेव्हा रोजे आहेत, आधीची द्या" असे सांगायला आपण संकोचतो. रोज्यात गोळ्या कशा घ्यायच्या, हेही तेव्हाच विचारायचे असते.

खालांनी हे शिकून घेतले आहे. मागच्या वेळी काउंटरवरच्या मुलाने तारीख लिहायला पेन उचलला, तेव्हा त्यांनी कार्ड आपल्याकडे ओढले. त्या दिवशी ठेकेदाराकडे माल द्यायचा असतो म्हणून एक दिवस पुढची तारीख मागितली आणि उर्दूत स्वतः लिहिली. त्या मुलाला ती वाचता येईना. त्याने खाली इंग्रजीत पुन्हा लिहून घेतली.