वहीत नाव कुणाचे?



२०२४ साली आमच्या जिल्ह्याला अहिल्याबाईंचे नाव मिळाले. त्या इथल्याच, चौंडीच्या. आनंद वाटला. पण परवा सावेडीत आमच्या गटाची जुनी वही उघडली आणि मी खजील झाले. ‘महिला उपस्थित १४. चर्चा झाली.’ बस्स! कोण बोलली, कुणी विरोध केला, काहीच नाही. लिहिणारी मीच, समाजकार्यात एम.ए. झालेली!

संस्था कशी वाढते? मुंबईत १९७५ साली सुरू झालेली स्त्री मुक्ती संघटना १९८३ साली ‘मुलगी झाली हो’ नाटक घेऊन लोकांत गेली. १९९८ पासून कचरावेचक बायांना तिने संघटित केले. नव्या बाया पुढे येणे, हीच वाढ. पण त्यांची नोंद? आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, भेटून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली सिद्ध केले. नाहीतर त्या आठवणी बायांबरोबरच गेल्या असत्या.

पंचायतीत निम्म्या जागा आपल्या, तरी सही बाईची नि कारभार नवऱ्याचा, हे आपण पाहतोच. वहीतही आपण बाईला नुसता आकडा करणार का?

यापुढे वही फिरती राहील. जी बोलेल तिचे नाव, तिचे शब्द. जिला लिहिता येत नाही तिचे शेजारणीने लिहावे आणि तिला वाचून दाखवावे. तुमच्या गटातही करून पाहा.