तारे मोजावेत की तुकडे?

वाढदिवस जवळ आला की 'आई, मला जोडायच्या ठोकळ्यांचा संच हवा' हे टुमणं घरोघरी सुरू होतं. पूर्वी मेकॅनोचा डबा घ्यायचा तर दुकानदाराला तो उघडून दाखवायला सांगता येई. आता बरीच खरेदी मोबाइलवर. डब्याचं रंगीत चित्र, खाली चार-साडेचार तारे आणि किंमत दीड-दोन हजार! महिन्याच्या खर्चातून एवढी रक्कम बाजूला काढायची, तर ते तारे काय सांगतात हे नीट समजून घ्यायलाच हवं.

तारे म्हणजे नुसती सरासरी. हिशेब करून पाहू. एका संचाला दहापैकी आठ जणींनी पाच तारे दिले, दोघींनी एकेक. सरासरी आली ४.२. दुसऱ्याला दहाही जणींनी चार-चार दिले, सरासरी ४. वरवर पाहता पहिला सरस. पण त्या दोघींच्या डब्यात तुकडेच कमी निघाले असतील तर? म्हणून पाच तारे किती जणांनी दिले, एक किती जणांनी, ही फोड उघडून पाहा. बारा जणांच्या ४.८ पेक्षा दोन हजार जणांचे ४.३ अधिक भरवशाचे. शिवाय कधी कधी लहान-मोठ्या वेगवेगळ्या संचांचे अभिप्राय एकाच ठिकाणी गोळा केलेले असतात. आपण घेणार त्याच संचाबद्दल लिहिलंय ना, तेही बघा.

आता वाचायचं कोणाचं? पाच तारेवाले बरेचदा डबा आला त्याच दिवशी लिहून मोकळे होतात, 'मुलगा खूश!' अहो, पहिल्या दिवशी मूल खूश असणारच. एक तारावाल्यांचा राग पुष्कळदा उशिरा आलेल्या पार्सलावर असतो. खरी माहिती सापडते ती मधल्या दोन-तीन-चार ताऱ्यांत. तुकडे घट्ट बसतात का, मुलाच्या बोटांनी सुटतात का, कमी पडलेला तुकडा विक्रेत्याने पाठवला का, हे तिथे शोधा. दोन-तीन महिन्यांनी कोणी लिहिलं असेल तर ते आधी वाचा. चित्रातली गाडी एकदा जोडून संच माळ्यावर गेला, की मुलं तो मोडून पुन्हा काही नवं बांधतात, हे तिथेच कळतं.

मग कागद-पेन्सिल घ्या. किंमत भागिले तुकडे. पंधराशे रुपयांत तीनशे तुकडे, म्हणजे तुकडा पाच रुपयांना. दोन हजारांत अडीचशे, म्हणजे आठ रुपयांना. पण एवढ्यावर भुलू नका. नखाएवढ्या टिकल्या भरूनही तुकड्यांची संख्या फुगवता येते. ग्राहकांनी काढलेले फोटो पाहा, म्हणजे खरा आकार कळेल.

महाग संच घ्यावा की नाही, हा प्रश्न घरात जुना संच आहे की नाही यावरही ठरतो. डेन्मार्कच्या लेगो कंपनीच्या १९५८ सालच्या विटा तिच्या आजच्या विटांतही बसतात. थोरलीचा संच धाकट्याला आणि मग भाच्याला पुरला, तर जास्त किंमतही वसूल होते. स्वस्त संचाचे ठोकळे घरातल्या ठोकळ्यांना जोडता आले नाहीत, तर तो आपला वेगळाच पडून राहतो. 'जुन्यात बसतात का?' याचं उत्तर अभिप्रायांत हमखास शोधा.

एक गोष्ट मात्र ताऱ्यांवर सोडू नका, ती म्हणजे सुरक्षितता. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. डबा हाती आल्यावर ते आहे ना, बघा. नसेल तर सरळ परत करा. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बारीक तुकड्यांचा संच कितीही वाखाणलेला असो, नकोच. हाती येईल ते तोंडात घालण्याचं ते वय. तुकडा घशात अडकला तर श्वास कोंडतो. त्या वयाला मोठे, तोंडात न मावणारे ठोकळेच बरे. थोरल्यासाठी बारीक संच घेतलाच, तर तो झाकणाच्या डब्यात, धाकट्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा, आणि खेळ आवरताना जमीन एकदा झाडून घ्या.

संच आला की त्याच दिवशी यादीप्रमाणे तुकडे मोजा. परत करण्याची मुदत थोडीच असते. आणि दोन महिन्यांनी सवड काढून तुम्हीही चार ओळी लिहा. एखाद्या अनोळखी आईचे दीड हजार रुपये त्या चार ओळींनी वाचतील.