सूर भाड्याने आणू नका

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तेथे जन्मले. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदाची सहल आम्ही तेथे नेली होती. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई घरकाम करता करता भजने गात. वडील नरहरराव बडोद्यास नोकरी करीत. उतारवयात ते एका मुसलमान कलावंताकडे विद्यार्थ्याच्या निष्ठेने संगीत शिकले, आणि मृदंगाची व ठुमरीची जुनी विद्या नष्ट होऊ नये म्हणून त्यांनी ती ग्रंथरूपाने छापवली. या दांपत्यातील कोणीही गाण्यावर पोट भरले नाही. अशा माणसांना आपण ‘हौशी’ म्हणतो, आणि हा शब्द हल्ली नाक मुरडूनच उच्चारतो. आमचा वाद त्या मुरडलेल्या नाकाशी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सेवेत असलेल्या एका धर्मग्रामात सणाच्या तयारीची बैठक भरली होती. सूचना आली, ‘यंदा गाण्यासाठी बाहेरचा संच आणू. आपली मंडळी मध्येच बेसूर होतात. पाहुणे येणार, चित्रीकरण होणार.’ सूचना एकमताने संमत झाली. अध्यक्षस्थानी आम्हीच होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. सणाच्या मिस्सेत गायन निर्दोष झाले. भाविक मात्र तोंड मिटून उभे राहिले. आमच्या वाद्यवृंदात तीस वर्षे दुसरे व्हायोलिन वाजवणारे एक काका सवयीने लवकर आले, माळ्याच्या जिन्यापाशी क्षणभर थांबले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पुढच्या रविवारी आम्ही त्यांना बोलावले. ते म्हणाले, “फादर, आता बोटे चालत नाहीत.” पंधरा दिवसांपूर्वी ती चालत होती!

प्रतिपक्षाचे म्हणणे असे की देवाला उत्तम तेच अर्पावे. मान्य. पण अर्पण आपले असावे लागते. शेजाऱ्याच्या शेतातले पहिले पीक विकत आणून वेदीवर ठेवणाऱ्याला आपण काय म्हणू? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्याच्या ११४व्या कलमात गायकवृंदांची परिश्रमपूर्वक जोपासना करावी असे म्हटले आहे, आणि त्याच वाक्यात सर्व भाविकांना आपला वाटा उचलता यावा याची जबाबदारी धर्मगुरूंवर टाकली आहे. भाड्याच्या संचाने, किंवा कळ दाबताच वाजणाऱ्या तयार ध्वनिमुद्रणाने, यांपैकी कोणते कर्तव्य पार पडते?

बेसूरपणाची तरफदारी आम्ही करीत नाही. त्यावर उपाय सराव हाच आहे, आणि खरा आनंद त्या सरावातच दडलेला आहे. आठवड्यातील एका संध्याकाळी बँकेतला कारकून, भाजी विकून आलेली बाई आणि दहावीतला मुलगा एकाच ओळीवर अडतात, हसतात, पुन्हा आरंभ करतात. शेताच्या बांधावरून अबोला धरलेले दोघे भाऊ एकाच पुस्तकातून गाताना आम्ही पाहिले आहेत. दोघांना एकाच क्षणी श्वास घ्यावा लागतो! मधल्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रीचा आवाज वेगळा असा कोणास ऐकू येत नाही. ती एक दिवस आली नाही तर मात्र सारे गीत पोकळ वाटते. आपल्यावाचून काही अडते, हा अनुभव गरिबाला आणि वृद्धाला अन्यत्र कोठे मिळतो?

आणि हे ‘व्यावसायिक’ तरी कोठून येतात? अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे झाला. त्यांचे वडील तेथील चर्चचे गायनमास्तर होते. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या या मुलाने पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक व संयोजक म्हणून नाव मिळवले, संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले आणि १९५८ मध्ये भारतीय व पाश्चात्त्य वादकांना एकत्र आणणारा ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. गोव्याच्या चर्चशाळांनी असे कित्येक वादक मुंबईला दिले. माजोर्ड्याने सणापुरता संच भाड्याने आणला असता, तर हा मुलगा कोणाच्या पायाशी बसला असता?

धर्मग्राममंडळांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. मिस्सेत भाड्याचा संच नको आणि तयार ध्वनिमुद्रणही नको. तो पैसा मुलांना वाद्य शिकवण्यावर खर्च करा. आमच्या सध्याच्या धर्मग्रामात येत्या आगमनकाळापासून असे वर्ग सुरू होत आहेत. त्या काकांचे व्हायोलिन मात्र अद्याप पेटीतच आहे. ते बाहेर काढा, असे त्यांना सांगण्याचा अधिकार आम्ही त्या बैठकीतच गमावला. आता चार मुले घेऊन त्यांच्या दाराशी जाणार आहोत. विनंती मुलेच करतील. आम्ही मागे उभे राहू.