अर्थमंत्र्यांना प्रश्न विचारून काय मिळतं?

२०२१ च्या फेब्रुवारीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेट्रोलच्या दर लिटरमागे केंद्राच्या तिजोरीत ३२ रुपये ९० पैसे जात होते. त्यात मूळ उत्पादन शुल्क होतं अवघं १ रुपया ४० पैसे. बाकीच्यात ११ रुपये विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काचे, १८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे आणि अडीच रुपये कृषी उपकराचे. राज्यघटनेच्या २७० व्या अनुच्छेदानुसार उपकर आणि अधिभार राज्यांना वाटून द्यावे लागत नाहीत. वाटणी होते ती मूळ शुल्काची. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवलेला. म्हणजे ३२ रुपये ९० पैशांतून देशातल्या सगळ्या राज्यांना मिळून साधारण ५७ पैसे.

वेगवेगळ्या अधिसूचनांत विखुरलेला हा हिशेब सरकारच्या तोंडून एका जागी आला, कारण खासदारांनी तो विचारला. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत आकडे दिले: पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून, उपकरांसह, २०१८-१९ मध्ये २,१०,२८२ कोटी, २०१९-२० मध्ये २,१९,७५० कोटी आणि २०२०-२१ मध्ये ३,७१,९०८ कोटी रुपये जमा झाले. टाळेबंदीच्या वर्षात गाड्या दारात उभ्या होत्या आणि तरीही वसुली दीड लाख कोटींनी वाढली. अर्थ मंत्रालयाच्याच दुसऱ्या एका उत्तरानुसार त्या वर्षी या शुल्कातून राज्यांना मिळाले १९,९७२ कोटी. शंभरातले जेमतेम साडेपाच रुपये.

तरीही संसदेतल्या प्रश्नांना हसण्यावारी नेण्याची रीत पडली आहे. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे एक उपचार, मंत्री आकड्यांचा ढीग टाकतात आणि मुद्दा टाळतात, खरी माहिती अर्थसंकल्पाच्या कागदांत असतेच, खासदार प्रश्न विचारतात ते मतदारसंघात बातमी छापून यावी म्हणून, असं सांगणारी माणसं दिवाणखान्यात भेटतात तशीच वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही. काहीजण आणखी पुढे जातात. करांचा आणि खर्चाचा विषय तज्ज्ञांचा. अर्थमंत्र्यांचा वेळ त्यात घालवू नये, असं त्यांचं म्हणणं. हा पूर्वपक्ष वरवर शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

त्यातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. प्रश्न विकले गेले आहेत. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना संसदेने काढून टाकलं. त्यात आपल्या जळगाव आणि एरंडोल मतदारसंघांचे खासदारही होते. उत्तरं टाळली जातात हेही खरं. ‘माहिती गोळा केली जात आहे’ हे वाक्य संसदेच्या कामकाजात हजारो वेळा सापडेल. पण विकला गेलेला प्रश्न हा गुन्हा ठरला आणि त्याची शिक्षा खासदारकी गमावण्याइतकी मोठी होती, याचाच अर्थ प्रश्नाला किंमत आहे. फुकाच्या वस्तूसाठी कोणी पैसे मोजत नाही. आणि ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं मंत्र्यांनी म्हटलं की ते ‘आश्वासन’ म्हणून नोंदलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, आणि त्यावर नजर ठेवायला संसदेची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. ही समिती ढिली पडली असेल तर तिला कामाला लावायला हवं.

टाळलेलं उत्तरही वाया जात नाही, याचा सर्वांत मोठा दाखला १९५७ चा आहे. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. पैसा विमेदारांचा, म्हणजे लाखो साध्या पगारदारांचा. लोकसभेत त्यावर प्रश्न आला आणि अर्थ मंत्रालयाने गुळमुळीत उत्तर दिलं. ते पटलं नाही म्हणून प्रश्न पुन्हा आला, पुरवणी प्रश्न आले, आणि १६ डिसेंबरला फिरोज गांधी बोलायला उभे राहिले. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. त्यांनी ती मुंबईत, सर्वांसमोर आणि झपाट्याने चालवली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

या सगळ्या साखळीत पहिली कडी कोणती? लेखापरीक्षकाचा अहवाल नव्हे, न्यायालयाचा आदेश नव्हे. एक प्रश्न, आणि त्याला मिळालेलं अपुरं उत्तर. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं उत्तर नोंदलं जातं, मागे घेता येत नाही, आणि पुढे वेगळी वस्तुस्थिती निघाली की त्याच उत्तराला धरून जाब विचारता येतो. पत्रकार परिषदेतल्या वाक्याला हे बळ नाही.

आता ‘सगळं अर्थसंकल्पात असतंच’ या म्हणण्याकडे वळू. अर्थसंकल्प हा सरकारने स्वतः ठरवलेल्या क्रमाने सांगितलेला हिशेब असतो. काय पुढे आणायचं आणि काय कुठल्या परिशिष्टात ठेवायचं, हे तेच ठरवतं. प्रश्न हा क्रम मोडतो. पेट्रोलचं उदाहरण वर आलंच. त्याला जोडून तेलरोख्यांचं, म्हणजे तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी दिलेल्या सरकारी रोख्यांचं पाहू. इंधनावरचा कर का कमी होत नाही, तर २००५ ते २०१० च्या काळात आधीच्या सरकारने काढलेल्या तेलरोख्यांचं ओझं आहे म्हणून, असं उत्तर दिलं जात होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थमंत्र्यांनी आकडा दिला: सात वर्षांत व्याजापोटी ७०,१९५ कोटी रुपये गेले, आणि मुद्दल सुमारे १.३ लाख कोटी बाकी आहे. व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या घरात आलं. संसदेतल्या उत्तराशेजारी हे ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. २०२०-२१ या एकाच वर्षात इंधनावरची वसुली जेवढी वाढली, तेवढ्यात तेलरोख्यांचं सगळं उरलेलं मुद्दल फिटून वर पैसे उरले असते. सरकारला तो पैसा महामारीत लागला असेल, मोफत धान्याला लागला असेल. तसं असेल तर तसंच सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि अर्थसंकल्पावर सभागृहात चर्चा तरी किती होते? २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला चर्चेविना मंजुरी दिली. १४ मार्च २०१८ लाही खर्चाच्या मागण्या अशाच चर्चेविना उरकल्या गेल्या. या प्रकाराला संसदेत ‘गिलोटिन’ म्हणतात. खर्चाच्या मागण्या खात्यानुसार तपासायच्या, त्यावर कपात सूचना मांडायच्या, हा मार्ग जर असा बंद होत असेल, तर खासदाराच्या हाती उरतो तो प्रश्नच. तोही ‘उपचार’ म्हणून टाकून दिला तर लोकांच्या पैशाचा हिशेब मागायची जागा राहते कुठे?

सप्टेंबर २०२० मध्ये ती जागा खरोखरच काढून घेतली गेली होती. महामारीचं कारण देऊन पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. लेखी उत्तरं मिळत राहिली. तोंडी प्रश्न आणि पुरवणी प्रश्न गेले. लेखी उत्तरं मिळत असतील तर बिघडलं काय, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. काय बिघडलं ते त्याच अधिवेशनात दिसलं.

वस्तू व सेवा करामुळे राज्यांच्या बुडणाऱ्या महसुलाच्या भरपाईवरून तेव्हा केंद्र आणि राज्यं समोरासमोर उभी होती. २०२०-२१ मध्ये राज्यांना एकूण २.३५ लाख कोटींची तूट येईल असा केंद्राचाच अंदाज होता, आणि महाराष्ट्र हा मोठ्या येणेकऱ्यांपैकी एक होता. भरपाई देशाच्या संचित निधीतून देण्याची कायद्यात तरतूद नाही, असं महान्यायवादींच्या मताचा हवाला देऊन अर्थमंत्र्यांनी संसदेला सांगितलं. आणि अधिवेशन संपता संपता महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यात नोंद होती की २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन वर्षांत भरपाई उपकराचे ४७,२७२ कोटी रुपये भरपाई निधीत न जाता संचित निधीतच ठेवले गेले. त्या दोन वर्षांची देय भरपाई राज्यांना पूर्ण दिली होती, हिशेब जुळेपर्यंत रक्कम तिथे राहिली, याला पैसा वळवणं म्हणता येणार नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने केला.

हा खुलासा बरोबर असेल किंवा अपुरा असेल. पण संचित निधीतून देता येत नाही असं सांगताना, त्या निधीत राज्यांच्या नावाने वसूल झालेला उपकर पडून होता का, एवढा एक पुरवणी प्रश्न त्या दिवसांत सभागृहात कोणालाच विचारता येत नव्हता. लेखी उत्तर मिळून जे राहून जातं, ते हे. पुरवणी प्रश्नाचा हक्क भारतीयांना सहज मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा दिली. पुरवणी प्रश्न १९०९ मध्ये आले, तेही मूळ प्रश्नकर्त्यापुरते. इतर सदस्यांना ते विचारता यायला १९१९ ची सुधारणा यावी लागली. त्या कोंडलेल्या काळात गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात उभे राहत. अर्थसंकल्पावर मत द्यायचा अधिकार नव्हता, फक्त बोलता येत होतं. १९०२ च्या भाषणात त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं की तिजोरीत शिल्लक दिसते ती लोकांच्या समृद्धीमुळे नसून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे, आणि मिठावरचा कर कमी करा अशी मागणी केली. तेव्हा मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. एकट्या गोखल्यांमुळे तो उतरला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण सरकारचे आकडे सरकारपुढे ठेवण्याची ही पद्धत महाराष्ट्राने देशाला शिकवली, हे अभिमानाने सांगावं. राजापूरचे खासदार मधू दंडवते यांनी तीच परंपरा विरोधी बाकांवरून वर्षानुवर्षं चालवली आणि १९८९-९० मध्ये स्वतः अर्थमंत्री होऊन उत्तरं देण्याची बाजूही सांभाळली.

‘विषय तज्ज्ञांचा’ या म्हणण्याला मात्र थोडक्यात उत्तर पुरे. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक होती. त्या दिवशी तिथूनच अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवरच्या करात मोठी कपात जाहीर केली. मूळ दर ३० वरून २२ टक्के, नव्या कारखान्यांना १५ टक्के, आणि सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला. वटहुकमाने. संसद पुढे हिवाळ्यात विचारणार होती. कंपनी कराची वसुली २०१८-१९ मधल्या ६.६३ लाख कोटींवरून २०१९-२० मध्ये ५.५७ लाख कोटींवर आली; पुढच्या वर्षी महामारीने ती आणखी खाली गेली आणि २०२१-२२ मध्ये ७.१२ लाख कोटींवर चढली. दर कमी केल्याने गुंतवणूक वाढली का, किती कारखाने १५ टक्क्यांच्या सवलतीत उभे राहिले, त्यात किती हातांना काम मिळालं, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याच्या बाजारहाटीवर प्रत्येक वस्तूमागे कर लागतो, त्याच्या प्रतिनिधीला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.

म्हणून मागणी सोपी आहे आणि ती ठामपणे करायला हवी. प्रश्नोत्तराचा तास कोणत्याही कारणाने रद्द होऊ नये. युद्ध असो, साथ असो. गोंधळ घालून तो बुडवणाऱ्या विरोधकांनाही मतदारांनी जाब विचारावा, कारण बुडालेल्या तासाचा फायदा नेहमी उत्तर देणाऱ्यालाच होतो. आणि प्रत्येक उपकरामागे तीन गोष्टी अर्थमंत्र्यांनी दरवर्षी सांगाव्यात: किती जमला, ठरलेल्या निधीत किती गेला, आणि त्या कामावर किती खर्च झाला. महालेखापरीक्षकांनीच दाखवलं आहे की २०१८-१९ मध्ये ३५ उपकरांतून जमलेल्या सुमारे २.७४ लाख कोटींपैकी सुमारे १.६४ लाख कोटीच नेमलेल्या निधींत पोहोचले.

दिल्लीकडे बोट दाखवून महाराष्ट्राला मोकळं होता येणार नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळनिवारणासाठी म्हणून राज्य सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार बसवला, दारू-सिगारेटवरही वाढ केली, आणि त्यातून १,६०० कोटी उभे राहतील असं सांगितलं. पुढे पाऊस पडला, दुष्काळ ओसरला, तरी पेट्रोलवरचा अधिभार राहिला. तो कोणत्या दिवशी कोणत्या नावाखाली गेला, मराठवाड्याच्या किती टँकरांना आणि चारा छावण्यांना त्यातला पैसा मिळाला, हे तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न म्हणून मुंबई-नागपूरच्या विधानभवनात विचारणारा आमदार कोणत्या पक्षाचा आहे, हे बघायची गरज नाही. तो प्रश्न यादीत यायला हवा, आणि मंत्र्यांनी उभं राहून त्याला उत्तर द्यायला हवं.